आंबटताई आणि पुढची खुर्ची

तिचा चेहरा मुळात तसा नव्हता. घरी चहा पिताना, लेकीशी गप्पा मारताना बाई चांगली हसरी होती. पण खांद्यावर व्हायोलिनहून जरा मोठा, जाड आवाजाचा व्हायोला चढला आणि हनुवटी त्यावर टेकली, की कपाळावर दोन उभ्या आठ्या पडत, ओठ एका बाजूला ओढले जात आणि डावा डोळा बारीक होई. नासलेल्या दुधाचं पातेलं हुंगून बघावं तसा चेहरा. आत मात्र तिचं सगळं सुखात चाललेलं असे. सुराच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरलेली असे ती, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाला काठावरून आपण कसे दिसतो याची काय फिकीर?

वीस वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोणी बघतच नव्हतं. वाद्यवृंदाच्या घरात व्हायोला म्हणजे मधली सून. थोरली व्हायोलिन शालू नेसून मिरवणार, धाकटा चेलो गळा काढून सगळ्यांना रडवणार, आणि मधली दोघांच्या मधलं सांभाळत, ना वर ना खाली, दिवसभर राबणार. ती नसली तर सगळं अळणी लागतं. असली तर तिचं नाव कोणी काढत नाही. त्यातही ही बसायची व्हायोलांच्या तिसऱ्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. तिच्यामागे भिंत आणि भिंतीवर आग विझवायचं नळकांडं.

मग वाद्यवृंद लोकांपर्यंत पोहोचत नाही असा शोध एका समितीला लागला आणि पोहोच विभाग निघाला. व्हायोला वाजवणारे सात, पोहोचवणारे अकरा. त्यांचे प्रमुख पूर्वी साबण विकत. सगळे त्यांना पोहोचसाहेब म्हणत. माणूस गोड, दाढी कोरलेली, आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी दोन्ही हात असे पसरायचा की जणू समोरच्याला मिठी मारावी की टॉवेल वाळत घालावा हे ठरत नाहीये.

त्यांनी धडाका लावला. पोटातल्या बाळांसाठी मैफल झाली. कुत्र्यांना घेऊन येणाऱ्यांसाठी झाली. गाद्या टाकून, झोपून ऐकायची झाली. तीत लोक असे तालात घोरले की संथ भाग कुठे संपला ते वाजवणाऱ्यांनाही समजलं नाही. एक पोहण्याच्या तलावाकाठी झाली आणि पाण्याने फुगलेल्या लाकडी वाद्यांवर पुढे आठवडाभर उपचार चालले. प्रत्येक मैफलीनंतर पोहोचसाहेब घाईघाईने आत येत आणि विचारत, “किती आले?” कसं झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

शेवटी त्यांनी कॅमेरे लावले. मैफल घरबसल्या, फोनवर, फुकट. पहिल्याच प्रक्षेपणात एक कॅमेरा तिसऱ्या रांगेवर रोखून कॅमेरावाला चहा प्यायला गेला. संथ भाग लांबलचक होता आणि चहा बहुतेक गरम असावा. तेवढा वेळ साऱ्या जगाला एकच चेहरा दिसत राहिला: दोन आठ्या, एक बारीक डोळा आणि नासलेलं दूध.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक फोन नाचवत आली. “आई, तू व्हायरल झालीस!”

“काय झाले?”

“वाच तरी. ‘या ताईंच्या तोंडात लिंबू कोणी पिळलं?’ ‘माझ्या सासूबाई माझं स्वयंपाकघर बघतात तेव्हा.’ ‘महिनाअखेरचा मी.’ लोकांनी तुझं नाव ठेवलंय, आंबटताई.”

नवरा दातांचा डॉक्टर. त्याने चष्मा वर सरकवून ते चित्र नीट पाहिलं. “माझ्या खुर्चीत बसणारे अस्सं तोंड करतात,” तो म्हणाला, “पण त्यांना दुखत तरी असतं.”

“मला मजा येत असते तेव्हा.”

“हे लग्नाआधी सांगायचंस. मी उगाच घाबरून राहिलो.”

ती हसली. पण घर रिकामं झाल्यावर तिने एकेक करून सगळ्या कॉमेंट वाचून काढल्या. हजारो होत्या. नाकावर होत्या, भुवईवर होत्या, ब्लाउजच्या बाहीवर होत्या. वाजवण्यावर एकही नव्हती. लग्नघरात शंभर पाहुणे येऊन नवरीच्या चपलेबद्दल बोलून निघून जावेत, तसं तिला झालं.

आंबटताईचं पुढे काय काय झालं! ती कपांवर छापली गेली. उशांवर आली. तिकिटं संपू लागली. लोक दुर्बिणी घेऊन येत आणि त्या भिंतीकडे, नळकांड्याच्या अंगाला लावून बसत. पोहोचसाहेबांनी त्या शेवटच्या खुर्चीवर खास दिवा लावून घेतला. वीस वर्षं अंधारात वाजवणाऱ्या बाईला आता उन्हात ठेवलेल्या लोणच्यासारखं वाटू लागलं.

अशात व्हायोलांच्या पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ निवृत्त झाले.

पुढची खुर्ची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. तिथे बसणाऱ्याचा गज वर गेला की मागचे सगळे गज वर जातात. वारा आला की पिकाची एक ओंबी आधी वाकते आणि मग सारं शेत वाकतं. ती पहिली ओंबी म्हणजे पुढची खुर्ची. आणि एकटीने वाजवायचे तुकडे तिचेच. येत्या हंगामात तर एक जुनी रचना होती, तिच्यात सगळा वाद्यवृंद श्वास धरून थांबतो आणि एकटा व्हायोला बोलतो. बराच वेळ बोलतो. हिने तो तुकडा तरुणपणी पाठ केला होता आणि वीस वर्षं कपाटाच्या आणि कपडे वाळत घालायच्या दांडीच्या मधल्या जागेत उभी राहून तो ओल्या चादरींना ऐकवला होता. तिला एकदा, फक्त एकदा, माणसांना तो ऐकवायचा होता. कोणी ऐकलं, म्हणजे कानांनी ऐकलं, असं आयुष्यात एकदा तरी व्हावं, एवढंच मागणं.

तिने अर्ज केला. संध्याकाळच्या आत पोहोचसाहेब हजर.

“ताई, हे काय ऐकतोय मी?”

“ऐकताय? तुम्ही? बरं वाटलं.”

“थट्टा करता राव तुम्ही. बसा. पुढची खुर्ची कुठे आहे माहीत आहे ना? छडीवाल्या साहेबांच्या बरोबर कोपराखाली. कॅमेऱ्यात तिथे फक्त साहेबांचा कोट येतो. काळा. अडीच तास कोट बघायला कोण थांबणार?” छडीवाले साहेब म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक. “तुम्ही मागेच शोभता. दिवा, भिंत, चेहरा... सगळं कसं जुळून आलंय!”

“मला वाजवायचंय.”

“मग वाजवताच आहात की! कोणी अडवलंय? फक्त तिथून वाजवा.” हात पसरले गेले. “लोकांचं प्रेम आहे हो तुमच्यावर.”

“लोकांना माझा सूर माहीत आहे का?”

पोहोचसाहेबांनी एवढ्या कळवळ्याने तिच्याकडे पाहिलं, की आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटावं. “ताई,” ते म्हणाले, “सुराचं आपण नंतर बघू.”

पण निवड त्यांच्या हातात नव्हती. या घराण्यात एक जुनी रीत चालत आलेली. परीक्षक दालनात बसतात आणि वाजवणारा रंगमंचावर काळ्या पडद्यामागे. येण्याच्या वाटेवर सतरंजी अंथरतात, म्हणजे बाईची टाच की बाप्याचा बूट हेही कळू नये. पडद्यामागून बोलायचं नाही, खोकायचं नाही. परीक्षकांना फक्त क्रमांक माहीत आणि सूर. ही रीत मोडायला पोहोचसाहेबांनी खूप धडपड केली. पारदर्शकता म्हणाले, काळाची पावलं म्हणाले, पडदाच पारदर्शक करू म्हणाले. वादक हटले नाहीत. पडदा गेला तर आम्हीही गेलो, असं कधी नव्हे ते सगळे एका सुरात म्हणाले.

तेव्हा पोहोचसाहेबांनी तोडगा काढला. चित्र नाही तर नाही. आवाज तर सोडता येईल? बाहेरच्या मोठ्या दालनात स्पीकर लावायचा, लोकांना बोलवायचं आणि खेळ ठेवायचा: यातली आंबटताई कोण, ओळखा! बरोबर ओळखणाऱ्याला उशी. परीक्षक आत, लोक बाहेर, मधे जाडजूड दार. कोणाचं काय बिघडतंय? वादकांना यात खोट दिसेना. खोट होती, पण ती दाराच्या फटीएवढीच.

चाचणीच्या दिवशी सकाळच्या फेऱ्यांत बाकीचे गळाले आणि दुपारी दोघीच उरल्या: ही, आणि बाहेरगावाहून आलेली एक खळीवाली पोरगी. पोरगी गोड. थांबायच्या खोलीत दोघी समोरासमोर बसून बोटं गरम करत होत्या.

“ताई, माझ्या आईच्या फोनवर तुम्ही आहात,” खळीवाली म्हणाली. “आईचा फोन आला की तुमचं तोंड येतं.”

“माझ्या नवऱ्याच्या फोनवरही मीच आहे. तो उचलत नाही.”

पोरगी खुदकन हसली, मग एकदम गंभीर झाली. “भीती वाटते हो. तुम्हाला?”

“वाटते गं. मी हे आजवर फक्त ओल्या चादरींना ऐकवलंय.”

इतक्यात त्यांना बोलावणं आलं. आधी ही, पहिला क्रमांक. सतरंजीवरून ती आत गेली, पडद्यामागे बसली आणि हनुवटी टेकवली. आठ्या पडल्या असतील. कोणाला दिसणार होत्या? तिने तो तुकडा सुरू केला. घाई नाही, नखरा नाही. जाड तारेवरचा खालचा सूर तिने दळताना मूठभर दाणे सोडावेत तसा सोडला, संथ, जात्याला जेवढा पेलेल तेवढाच. मधल्या लांब सुरावर थांबली, थांबून राहिली, आणि मग तो हलकेच खाली ठेवला. बाहेरच्या दालनात कोणीतरी जांभई दिली. ती जांभई तिला अगदी स्पष्ट ऐकू आली.

जांभई ऐकू आली तेव्हाच तिला कळायला हवं होतं. स्पीकरची जाड केबल दारातून गेली होती आणि त्यामुळे दार लागत नव्हतं.

मग दुसरा क्रमांक. खळीवालीने तोच तुकडा घेतला आणि अशी काही धाय मोकलली की पडद्यामागेच कडेला बसलेल्या हिच्याही अंगावर काटा आला. पोरीचा हात तयार होता, सूर खरा होता, पण प्रत्येक वळणावर ती हुंदका देत होती. बाहेरच्या लोकांना वेगळा पुरावा लागलाच नाही. आंबट चेहऱ्याची बाई याहून वेगळं काय वाजवणार? “हीच! हीच ती!” आरडाओरडा सुरू झाला. शिट्ट्या झाल्या. “आंबटताई! आंबटताई!” दाराच्या फटीतून तो गजर आत आला आणि परीक्षकांच्या टेबलावर चहाच्या कपांशेजारी येऊन बसला.

परीक्षक तिघे. छडीवाले साहेब, ट्रम्पेटवाला, आणि सगळे ज्यांना आजोबा म्हणत ते चेलोवाले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. निकालाला चहा गार व्हायचाही वेळ लागला नाही.

“पहिला क्रमांक,” आजोबांनी जाहीर केलं.

पडदा सरकला. समोर हातात व्हायोला धरून आंबटताई उभी.

छडीवाल्या साहेबांच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला. ट्रम्पेटवाला छताकडे पाहू लागला. आणि दाराशी अभिनंदनासाठी फुलं घेऊन उभ्या असलेल्या पोहोचसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, “मग लोक जिच्यासाठी ओरडत होते ती कोण?”

तिच्या मनात एकेक खुंटी पिळली जाऊन तारा लागाव्यात तसं सगळं लागत गेलं. या तिघांना पोहोचसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की आंबटताईला पुढे येऊ द्यायचं नाही. बाहेर गजर झाला तसं त्यांना वाटलं, दुसरी तीच. म्हणून त्यांनी पहिलीला निवडलं. तिला पाडायच्या नादात त्यांनी तिलाच खुर्चीवर बसवलं होतं.

ती रंगमंचाच्या कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. “आजोबा, वीस वर्षं मी तुमच्यापासून चार हातांवर वाजवतेय. माझा सूर ओळखू नाही आला?”

“तू एकटी कधी ऐकू आलीस, बाळ?” आजोबा म्हणाले. मग त्यांना स्वतःचंच वाक्य लागलं.

“पण आज तर एकटीच होते. कसं वाजवलं मी? तो मधला लांब सूर?”

आजोबांनी ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं. ट्रम्पेटवाल्याने साहेबांकडे. साहेब बिस्किट चमच्याने काढत होते.

“खरं सांगू?” आजोबा म्हणाले. “माझा कान दाराकडे होता.”

पोहोचसाहेब सावरले होते. “झालं ते छानच झालं! कोपराखालून कॅमेरा लावू आपण. आणि मागच्या खुर्चीवर दिवा तयारच आहे, या पोरीला तिथे बसवू. थोडं तोंड वाकडं करायला शिकली की—”

“मी?” खळीवाली पडद्याआडून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. “ताई, ते लोक माझ्यासाठी ओरडले ना? मला वाटलं, आवडलं त्यांना.”

पोरीचे हुंदके हिला खटकले होते, पण पोरगी काही त्या हुंदक्यांमुळे हरली नव्हती. तिला कोणी ऐकलंच नव्हतं. आणि हिलाही नव्हतं. एकीला खुर्ची मिळाली, एकीला टाळ्या मिळाल्या. दोन्ही वाटेतच दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेल्या.

“पुन्हा ऐका,” ती म्हणाली.

“निकाल बदलता येत नाही,” छडीवाले साहेब घाईने म्हणाले. “नियम आहे. खुर्ची तुमचीच. घरी जा, पेढे वाटा, आनंद करा.”

“निकाल राहू द्या. फक्त ऐका. आम्ही दोघी वाजवतो, तुम्ही तिघे ऐका. मग काय वाटलं ते सांगा. खुर्चीचा काही संबंध नाही.”

“खुर्चीचा संबंध नाही तर ऐकायचं कशाला?” ट्रम्पेटवाल्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

ती खाली उतरली. सरळ दाराशी गेली आणि केबल दोन्ही हातांनी धरून ओढली. बाहेर स्पीकर खर्रकन ओरडला आणि मेला. कोणीतरी ओरडलं, “अहो, माझी उशी?” पोहोचसाहेब केबलमागे धावत बाहेर गेले, तेवढ्यात तिने दार लावलं. दार खरंच जाड होतं. आत अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळालाही अवघडल्यासारखं झालं.

आजोबा खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. “या मग,” ते म्हणाले. “पडदा ओढा.”

दोघी पडद्यामागे गेल्या. बोटानेच खुणावून ठरवलं: आधी ही. तिने वाजवलं. ओल्या चादरींना ऐकवला होता तोच तुकडा, पण आता पलीकडे श्वास होते, आणि ते श्वास थांबलेले तिला कळत होते. मग पोरीने वाजवला. या वेळी टाळ्या होणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे की काय, हुंदके निम्मे झाले होते आणि उरलेले खरे होते. शेवटच्या ओळीत पोरीने एक सूर असा काही निसटता घेतला की हिला वाटलं, अरे, हे मला कसं सुचलं नाही कधी?

संपलं.

“पहिली,” आजोबा म्हणाले. “ही पहिली कोण असेल ती असो. तो लांब सूर तिने धरला. दुसरीने तो मांडून विकला.”

“विकला म्हणजे?” ट्रम्पेटवाला उसळला. “दुसरीत जीव होता! पहिलीचं म्हणजे कसं, इस्त्री केलेलं.”

“इस्त्री? तुझ्या कानाला इस्त्री केलीय कोणीतरी. उभं आयुष्य भोंग्यात फुंकर मारलीस, तुला काय कळणार तारेचं?”

“आजोबा, तोंड सांभाळा. आणि शेवटच्या ओळीचं काय? दुसरीने ती जशी सोडली—”

“ती छान होती,” छडीवाले साहेब मधेच म्हणाले, “पण लय हलली.”

“हलली नाही, हलवली! तुमची छडी हलते तेव्हा आम्ही बोलतो का?”

“काय म्हणालास?”

टेबलावर कोणाचा तरी हात आपटला. कप खणखणले. दाराबाहेर पोहोचसाहेब दार वाजवत होते, पण आत कोणाला त्याची शुद्ध नव्हती. एका लांब सुरावरून तीन मोठी माणसं गल्लीत नळावर भांडावं तशी भांडत होती. कुठे थांबला, किती थांबला, थांबायला हवा होता का. आजोबा तर तो सूर गाऊनच दाखवत होते, बेसूर, पण बरोबर त्याच जागी थांबून.

पडद्यामागे खळीवालीने हिच्या कानाशी तोंड नेलं. “ताई, भांडण सोडवायचं का?”

हिने मान हलवली, नाही. सतरंजीवर बैठक मारली, व्हायोला मांडीवर घेतला आणि पोरीलाही बाजूला बसायची खूण केली.

“अजिबात नाही,” ती कुजबुजली. “आता कुठे माझ्याबद्दल बोलायला लागलेत.”